वारीने आपलं मानलेलं सिनेगीत

‘लई भारी’ हा मराठी चित्रपट ११ जुलै २०१४ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या दोनच दिवस आधी, ९ जुलैला, आषाढी एकादशी झाली होती. लातूर जिल्ह्यात या चित्रपटाची वाट जरा जास्तच आतुरतेने पाहिली जात होती, कारण बाभळगावचा रितेश देशमुख त्यात पहिल्यांदा मराठी नायक म्हणून दिसणार होता. चित्रपट चालला, गाजला आणि काही महिन्यांनी रीतीप्रमाणे टीव्हीवर आला. त्यातलं एक गाणं मात्र मागे राहिलं आणि दर आषाढीला पुन्हा वर येऊ लागलं. ते गाणं म्हणजे ‘माऊली माऊली’. शब्द गुरू ठाकूर यांचे, संगीत अजय-अतुल यांचं, आवाज अजय गोगावले यांचा.

आज दशक उलटून गेलं तरी लातूर-नांदेडच्या पट्ट्यात आषाढी म्हटलं की हे गाणं लागतंच. शाळांच्या बालदिंड्या त्यावर नाचतात. दिंडीच्या स्वागताला उभारलेल्या कमानीजवळचा स्पीकर तेच लावतो. फराळाच्या वाटपाच्या मंडपात, बँजो पार्टीच्या यादीत, मोबाईलच्या रिंगटोनमध्ये, सगळीकडे तेच. मारधाडीच्या चित्रपटासाठी ठरवून, मोबदला घेऊन केलेलं गाणं सणाचं गाणं होऊन बसलं, याचं मला अतिशय नवल वाटतं. वारीला गाण्यांची चणचण थोडीच होती? ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, चोखामेळा, एकनाथ, तुकाराम यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांत भरलेलं कोठार तिच्यापाशी आहे. अशा भरल्या घरात नव्या पाहुण्याला बसायला जागा मिळाली, ती कशी, हे नीट पाहण्यासारखं आहे.

असं नवल जगात इतरत्रही घडलं आहे. त्यातलं सर्वांत मोठं उदाहरण नाताळचं. १९४२ साली अमेरिकेत ‘हॉलिडे इन’ नावाचा चित्रपट आला. फक्त सणासुदीच्या दिवशी उघडणाऱ्या एका खानावळीची ही कथा. त्यामुळे वर्षातल्या प्रत्येक सणाला एक नवं गाणं हवं होतं, आणि ती सगळी गाणी आयर्विंग बर्लिन या गीतकार-संगीतकाराने लिहिली. नाताळासाठी त्याने ‘व्हाइट ख्रिसमस’ लिहिलं आणि बिंग क्रॉस्बी या त्या काळच्या सर्वांत लाडक्या गायकाने ते गायलं. स्टुडिओची भिस्त व्हॅलेंटाइन दिवसाच्या गाण्यावर होती. चित्रपट ऑगस्टमध्ये, म्हणजे नाताळाच्या किती तरी आधी लागला. पण दुसरं महायुद्ध सुरू होतं, सैनिक घरापासून हजारो मैल दूर होते, आणि घरच्या बर्फाळ नाताळाची आठवण काढणारं ते साधं गाणं त्यांनी रेडिओवर पुन्हा पुन्हा मागून घेतलं. त्याला ऑस्कर मिळालं, आणि त्या विभागाचा पुरस्कार जाहीर करायला मंचावर उभा होता स्वतः बर्लिनच. पाकीट उघडून त्याला आपलंच नाव वाचावं लागलं. क्रॉस्बीच्या आवाजातली ही तबकडी जगात सर्वाधिक खपलेली एकल तबकडी मानली जाते. अंदाजे पाच कोटी प्रती. मूळ मुद्रणावरून इतक्या प्रती काढल्या गेल्या की ते झिजलं आणि १९४७ साली क्रॉस्बीला गाणं पुन्हा गाऊन मुद्रित करावं लागलं.

बर्लिन रशियन साम्राज्यातून लहानपणी अमेरिकेत आलेला ज्यू. नाताळ हा त्याच्या धर्माचा सण नव्हता. शिवाय १९२८ साली २५ डिसेंबरलाच त्याचं तान्हं मूल गेलं होतं. एवढं सगळं पोटात ठेवून त्या माणसाने दुसऱ्यांच्या सणाला त्यांचं सर्वांत आवडतं गाणं दिलं. त्याच्यानंतर हॉलिवूडने हा रिवाजच करून टाकला. २००० सालच्या ‘ग्रिंच’ या नाताळच्या चित्रपटासाठी केलेल्या नव्या गाण्याच्या लेखनात मराया कॅरीसारखी बडी गायिका सहभागी होती आणि पडद्यामागून ते फेथ हिलने गायलं. नाताळ जवळ आला की आजही एखादी लोकप्रिय गायिका नव्या चित्रपटासाठी नवं गाणं घेऊन येते. त्यातली बहुतेक जानेवारीत विसरली जातात. एखादंच टिकतं.

आपल्याकडे ही वाट ‘प्रभात’ फिल्म कंपनीने फार आधी पाडली. १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांनी तुकोबांचे अभंग तर घेतलेच, पण एका प्रसंगाला हवा तसा अभंग हाताशी नव्हता म्हणून शांताराम आठवले यांनी ‘आधी बीज एकले’ ही रचना नव्याने लिहिली. केशवराव भोळे यांनी तिला चाल दिली, विष्णुपंत पागनीस यांनी ती गायली. ती इतकी मुरलेली होती की गाथेत ती नाही हे ऐकून लोक चकित होत. आजही ती तुकोबांचीच समजून म्हणणारे भेटतात. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला, तो सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र आठवल्यांचं यश त्याहून मोठं वाटतं. संताच्या वाणीशेजारी आपले शब्द ठेवायचे आणि सांधा कुठे आहे ते कुणाला कळू द्यायचं नाही, याहून अवघड परीक्षा गीतकाराला नसेल.

नंतर दहीहंडीला १९६३ सालच्या ‘ब्लफ मास्टर’ने गाणं दिलं, शम्मी कपूर, मोहम्मद रफी आणि कल्याणजी-आनंदजी यांचं ते गाणं ऐकल्याशिवाय मुंबईतली हंडी आजही फुटत नाही. १९७९ साली राजदत्तांच्या ‘अष्टविनायक’ची गाणी अनिल-अरुण यांच्या संगीतात आली आणि गणेशोत्सवाच्या मांडवात कायमची वस्तीला गेली. अजय-अतुल याच परंपरेतले. ‘उलाढाल’मधलं मोरयाचं गाणं २००८ सालचं, हिंदी ‘अग्निपथ’मधलं गणपतीचं २०१२ सालचं. सणाच्या दिवशी हजारो माणसं एकाच वेळी काय गाऊ शकतील, याची जाण या दोघा भावांना उपजतच असावी. वडील महसूल खात्यात, सतत बदल्या, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर अशा गावांत बालपण. संगीताचं रीतसर शिक्षण कुठे झालं नाही. गावच्या देवळात, जत्रेत, लग्नाच्या बँडमध्ये जे कानावर पडलं त्याचीच त्यांनी विद्या केली. ‘जोगवा’च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०१६ साली ‘सैराट’च्या वेळी त्यांनी अमेरिकेतल्या सोनी स्टुडिओत मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण केलं. मराठीत ज्यांना खऱ्या अर्थाने लोकप्रिय संगीतातले तारे म्हणावं असे सध्या हेच दोघे, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

‘लई भारी’चं दिग्दर्शन निशिकांत कामत यांचं. ‘डोंबिवली फास्ट’ करणारा हा दिग्दर्शक २०२० साली अकाली गेला. कथा साजिद नाडियादवाला यांची, संवाद संजय पवार यांचे. गोष्ट नवसाची आहे. मूल होत नाही म्हणून सुमित्रादेवी (तन्वी आझमी) पंढरपूरला जाऊन विठ्ठलाला साकडं घालते: मूल दे, ते तुझ्याच पायी वाहीन. जुळे होतात. एक राजवाड्यासारख्या घरात वाढतो, दुसरा पंढरपुरात, आणि त्या दुसऱ्याचं नाव माऊली. पुढे सूड, मारामाऱ्या, सलमान खानची झलक, सगळा मसाला आहे. पण कथेचा खिळा नवसात ठोकलेला असल्याने वारीचं गाणं त्यात उपरं वाटत नाही. पंढरीला वाहिलेल्या मुलाची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटाला हे गाणं टाळताच आलं नसतं. याच चित्रपटात होळीचंही एक गाणं आहे, त्यात जेनेलिया देशमुख दिसते, आणि रंगपंचमीला ते सर्रास वाजतं. एकाच चित्रपटाने दोन सणांना गाणी पुरवली. ‘हॉलिडे इन’ची आठवण यावी असाच हा प्रकार.

आता गाण्याकडे वळू. त्याच्या कडव्यांची घडण वहीत मांडून पाहिली तर एक लपलेली गोष्ट हाती लागते. अभंगाचा सर्वांत ओळखीचा साचा अक्षरांच्या मोजणीवर चालतो: सहा, सहा, सहा, चार. ज्ञानदेवांचा हरिपाठ याच छंदात आहे. गुरू ठाकूर यांनी हा साचा घेतला नाही. त्यांच्या ओळी लघू-गुरूच्या हिशेबावर बसतात. एक लघू, दोन गुरू, असा गट चार वेळा. एकूण बारा अक्षरं. मराठी शाळेत व्याकरण शिकलेला कुणीही सांगेल, हे भुजंगप्रयात वृत्त. त्याच्या पुढची ओळ अकरा अक्षरांची, शेवटचा गुरू गाळलेली, ते भुजंगी. बारा, अकरा, बारा, अकरा, अशी ही चाल आहे. एक ओळ पूर्ण भरते, दुसरी एक अक्षर आधीच थांबते, आणि त्या रिकाम्या जागेत गायकाला श्वास मिळतो, टाळाला ठोका मिळतो.

भुजंगप्रयात म्हटलं की मराठी माणसाला पहिली आठवण येते ती मनाच्या श्लोकांची. समर्थ रामदासांचे दोनशे पाच श्लोक याच वृत्तात आहेत, आणि दिवेलागणीला ते म्हणत वाढलेल्या पिढ्या महाराष्ट्रात आहेत. समर्थ जन्माने मराठवाड्याचेच, जालना जिल्ह्यातल्या जांबचे. त्यामुळे ‘माऊली माऊली’ची कडवी पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही ती आधी ऐकल्यासारखी वाटतात. पाठांतराची वाट आधीच मळलेली असते, नवे शब्द फक्त तिच्यावरून चालू लागतात. आठ वर्षांची पोरं दोन दिवसांत गाणं तोंडपाठ करतात याचं रहस्य मला तरी या वृत्तात दिसतं. रामदासी वृत्तात वारकरी भाव, हा मिलाफ गीतकाराने ठरवून केला की कानाने आपोआप केला, ते तोच जाणे. पण केला तो अचूक.

कडव्यांतला भूगोलही खरा आहे. गाण्यात इंद्रायणी भीमेला कडकडून भेटायला निघते अशी कल्पना येते. कल्पना वाटते, पण नकाशा काढून पाहावा: आळंदीहून पुढे वाहणारी इंद्रायणी तुळापूरला खरोखरच भीमेला मिळते, आणि तीच भीमा पंढरपूरला चंद्रकोरीसारखं वळण घेऊन चंद्रभागा होते. म्हणजे आळंदीचं पाणी पंढरीला पोचतंच. ज्ञानोबांची पालखी रस्त्याने जाते, नदी नदीच्या वाटेने जाते. जो माणूस या खोऱ्यात राहत नाही त्यालाही हे चित्र भावतं. नांदेड गोदावरीकाठचं, लातूर मांजरेच्या खोऱ्यातलं. भीमेचं पाणी आमच्याकडे येत नाही. पण पंढरीची वाट धरलेल्या माणसाला आपली नदी सोडून त्या नदीकडे जायची ओढ काय असते, ते वेगळं शिकवावं लागत नाही.

उत्तरार्धात गाण्याची लय पालटते. देवळाचा कळस दिसतो, आणि लांब ओळींचे तुकडे होतात. छोटे छोटे शब्दगट, आतल्या आत जुळणारी यमकं, एकामागून एक येणारे ठोके. चालणारा माणूस धावू लागला की श्वास असाच तुटक होतो. वारीत हे प्रत्यक्ष घडतं. वेळापूरजवळच्या उतारावर वारकरी धावा करतात, कारण इथूनच तुकोबांना कळस दिसला अशी श्रद्धा आहे. पंढरपुरात पोचल्यावर सगळ्यांनाच गाभाऱ्यात जाता येत नाही. दर्शनाची रांग कैक तासांची असते. म्हणून कुणी लांबून मुखदर्शन घेतो, कुणी नुसतं कळसाला हात जोडतो, कुणी महाद्वारातल्या नामदेव पायरीवर डोकं ठेवून माघारी फिरतो, आणि वारी पुरी झाली असं मानतो. गाण्याच्या शेवटच्या भागात ही तिन्ही येतात: कळस, मुखदर्शन, पायरी. ज्याला वारी ठाऊक नाही त्याने ऐकलं तर ते नुसतं भक्तीचं वर्णन वाटेल. ज्याच्या घरातलं कुणी वारीला जातं त्याला त्यात रांगेतली धक्काबुक्की, उन्हाने पोळलेले पाय आणि तरीही न ढळणारं समाधान दिसतं. शेवट होतो तो पुंडलिकाच्या परंपरागत जयघोषाने. तिथे चित्रपटाचं गाणं संपतं आणि ऐकणाऱ्यांचा आवाज सुरू होतो. ही युक्ती किती मोलाची आहे! गाण्याने शेवटची जागा वारकऱ्यांच्या स्वतःच्या घोषाला मोकळी ठेवली, म्हणून लोकांनी त्यात आपला आवाज मिसळला.

पायरीचा उल्लेख आमच्या भागाला विशेष जवळचा. नामदेवांचं जन्मगाव म्हणून नांदेडच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातली नरसी मानली जाते. देवाच्या दारातली पायरी व्हावं, संतांचे पाय आपल्यावर पडावेत, अशी नामदेवांची इच्छा होती असं परंपरा सांगते. आणि गाणी किती दूर जातात याचा थोरला दाखलाही नामदेवच. त्यांची एकसष्ट पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेडला देह ठेवला, तिथे सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वारा उभा आहे, आणि त्या ग्रंथाचं कीर्तन तिथे रोज चालतं. मराठवाड्यातून निघालेली वाणी पंजाबात जाऊन गोदावरीकाठी परत आली.

नव्या रचनेने जुन्या उपासनेत जागा मिळवल्याचं आणखी एक उदाहरण नांदेड जिल्ह्यातच आहे, उमरी तालुक्यातल्या गोरट्याचं. संतकवी दासगणू महाराजांचं तिथे मोठं स्थान आहे. १८६८ साली अकोळनेरला जन्मलेले दासगणू आधी पोलीस खात्यात होते, पुढे कीर्तनकार झाले. शिर्डीच्या आरत्यांमध्ये त्यांच्या रचना आहेत. शेगावच्या गजानन महाराजांचा ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथ त्यांनी लिहिला, ज्याचं पारायण आज घरोघर होतं. ते १९६२ साली गेले, म्हणजे आजच्या म्हाताऱ्या माणसांनी त्यांना डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उपासनेतलं सगळंच पुरातन असतं हा आपला समज अशा वेळी बाजूला ठेवावा लागतो. कुणीतरी, कधीतरी, कागदावर ते पहिल्यांदा उतरवलेलं असतं.

लातूर आणि पंढरपूर यांच्यातलं नातं दिंडीइतकंच रुळांचंही आहे, तेही सांगितलं पाहिजे. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याची ती निर्मिती. १९०६ साली ती पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लातूरचा माणूस संध्याकाळी डब्यात बसून विठ्ठलाच्या गावी जाऊ शकत होता. यात्रेच्या दिवसांत त्या इवल्या डब्यांत आणि टपांवर माणसं कशी भरत, याच्या हकिकती आमच्याकडे जुन्या घरांतून ऐकू येतात. त्या गाडीत टाळ असायचे, भजन असायचं, स्पीकर नव्हता. पुढे रूळ रुंद झाले आणि छोटी गाडी इतिहासजमा झाली.

‘माऊली माऊली’ हे गाणं प्रत्यक्ष दिंडीत म्हणतात का? हा प्रश्न आला की मी जरा सावधपणे उत्तर देतो. फडाची जी शिस्तीची दिंडी असते तिचा भजनाचा क्रम ठरलेला असतो. पहाटे काकडा, वाटेत वारांप्रमाणे अभंग, गौळणी, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. वीणेकरी मध्ये, दोन्ही बाजूंना टाळकरी, मृदंग एक किंवा दोन, आणि चोपदाराचा दंड वर गेला की सगळं एकदम शांत. त्या क्रमात संतांच्या वाणीखेरीज दुसरं काही बसत नाही, आणि ते योग्यच आहे. ‘माऊली माऊली’ची जागा त्या चौकटीच्या कडेला आहे: गावच्या वेशीवर, स्वागताच्या मांडवात, चहा-केळी वाटणाऱ्या पोरांच्या टेम्पोवर, वारीला न जाऊ शकलेल्यांच्या घरात. वारीला जाणारे लाखो असतील, पण मागे राहणारे त्याहून कितीतरी जास्त. पेरणी तोंडावर असते, नोकरीत रजा नसते, म्हातारं माणूस आजारी असतं. या मागे राहिलेल्यांना त्या दिवशी पंढरीशी बांधणारं काहीतरी हवं असतं. हरिपाठ पाठ असलेल्यांची संख्या घटते आहे, हे दुःख मोठं आहे आणि ते सिनेगीताने भरून निघणार नाही. पण ज्या मुलाच्या कानावर हरिपाठ कधी पडलाच नाही त्याच्या कानावर इंद्रायणी, चंद्रभागा, कळस आणि तुळस हे शब्द या गाण्याने घातले, हे मी मनापासून मानतो.

बालदिंडीत हे जवळून पाहावं. आदल्या दिवशीपर्यंत पुठ्ठा, चकचकीत कागद आणि थर्माकोल यांतून तुळशीवृंदावनं तयार होतात. मुलांना धोतर आणि फेटा, मुलींना आजीच्या लुगड्यातून कापून शिवलेली नऊवारी. कपाळाला बुक्का. एक विठ्ठल, एक रुक्मिणी, दोघांनाही कमरेवर हात ठेवून तासभर उभं राहायची शिक्षा. गाणं सुरू झालं की कडव्यांना दोन पावलं पुढे, एक मागे, अशी पावली बसवलेली असते. भुजंगप्रयातावर ती बरोबर पडते. खरी कसोटी कळसाच्या ओळींची. लय अचानक पालटते आणि पावली विस्कटते. जाणत्या बाई तिथे पावली सोडून देतात आणि मुलांना सरळ फुगड्या घालायला सांगतात, आणि तेच उत्तम दिसतं, कारण खऱ्या रिंगणातही शेवटी फुगड्याच होतात.

‘लई भारी’च्या मंडळींनी पुन्हा तोच प्रयत्न केला. १४ डिसेंबर २०१८ रोजी रितेश देशमुख यांचा ‘माऊली’ हा चित्रपट आला, दिग्दर्शन आदित्य सरपोतदार यांचं. संगीत अजय-अतुल, आणि ‘माझी पंढरीची माय’ हे गाणं अजय यांच्याच आवाजात. गाणं चांगलं आहे. माझ्या मते भावनेने पहिल्याहून अधिक कोवळं आहे, आणि आषाढीला तेही ऐकू येतं. तरी मिरवणुकीत हात वर होतात ते २०१४ च्या गाण्याला. बर्लिनच्या बाबतीतही असंच झालं होतं. ‘व्हाइट ख्रिसमस’ इतकं गाजलं की १९५४ साली त्याच नावाचा स्वतंत्र चित्रपट निघाला, त्यात क्रॉस्बी होता, बर्लिनने नवी गाणी लिहिली, चित्रपटाने रग्गड कमाई केली; पण लोकांच्या ओठांवर राहिलं ते बारा वर्षांपूर्वीचंच गाणं. ‘माझी पंढरीची माय’ एकट्याने, डोळे मिटून ऐकावं असं आहे. ‘माऊली माऊली’त मात्र चालायला पावली आहे, धावायला कळस आहे आणि शेवटी ओरडायला जयघोष आहे. ते बसून ऐकताच येत नाही.